आठ महिन्यांचा पाळणाघराचा अनुभव: दुपारी दीड वाजता जाऊन बघा

लेक सहा महिन्यांची झाली आणि माझी २६ आठवड्यांची रजा संपली. ही रजा देणाऱ्या कायद्याप्रमाणे पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही करावी लागते. आमच्या ऑफिसात आम्ही छत्तीस जण. म्हणून घराजवळचं, एका काकूंनी चालवलेलं पाळणाघर धरलं. खाली तक्रारीही आहेत, त्यामुळे नाव देत नाही.

निवडताना मी कॅमेरे पाहिले. खारघरमध्ये २०१६ साली दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली होती, ती माझ्या डोक्यातून गेलेली नव्हती. इथे खोलीतलं सगळं मोबाइलवर दिसतं. पहिला महिनाभर कामातून उठून मी तेच बघत असायचे. मारहाण सोडाच, ताया इतक्या मायेनं करतात की माझा जीव भांड्यात पडला. पण दुसरीच गोष्ट नजरेला आली. दुपारी एक ते अडीच खोलीत एकच ताई असायची. एक जेवायला गेलेली, दुसरी मोठ्या मुलांना शाळेच्या बसवरून आणायला. नऊ बाळं, त्यातली चार रांगणारी, आणि ही ताई एकाचं लंगोट बदलायला पाठ फिरवून उभी.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस सांगितलं आहे. म्हणजे त्या आकड्यापुरतं सगळं बरोबर. मला मात्र ते प्रमाणच पटत नाही. माझी नणंद न्यू जर्सीत असते, तिथे दीड वर्षाखालच्या चार बाळांमागे एक जण लागतो. रात्रंदिवस एक बाळ सांभाळलेल्या कुठल्याही बाईला विचारा, दहा म्हणजे काय ते. उद्या धूर झाला तर एकटी ताई किती बाळं उचलेल?

हे काकूंना विचारलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. "अहो, वीस वर्षं पोरं सांभाळतेय मी," म्हणाल्या. मग आम्ही पाच-सहा पालक एकत्र बसलो. साडेबारा ते तीन आणखी एक बाई ठेवायची आणि त्यासाठी प्रत्येकानं महिन्याला सहाशे रुपये जास्त द्यायचे, असं ठरलं. तिसऱ्या महिन्यापासून दुपारी कधीही गेले तरी दोघी असतात. आणि कधीही, न कळवता जाता येतं, दार उघडतात. माझ्या लेखी ही या जागेची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

झोपेचा विषय नाजूक होता. डोकं गोल व्हावं म्हणून काही बाळांना मोहरीची उशी, थंडीत वर जाड गोधडी. वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर, सपाट गादीवर, उशीशिवाय निजवायचं, हे आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं तेव्हा ताईंनी ऐकलं. आता तिथे कुठल्याच तान्ह्याला उशी नसते. एका आजींना ते अजून आवडलेलं नाही.

खाण्यात एकदा घाबरायची वेळ आली. गणपतीत खिरापतीतला शेंगदाणा एका दीड वर्षाच्या मुलाच्या घशात अडकला. ताईनं पाठीत थापट्या मारून काढला. सुदैवानं तिला ते येत होतं, बाकीच्या दोघींना येत नव्हतं. त्यानंतर सगळ्यांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं. शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षं डब्यातूनच बंद झाली. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून.

पडणं, चावणं, ओरखडा, सगळं वहीत वेळेसकट लिहितात आणि त्याच दिवशी फोन करतात. न्यायला कोण येणार त्यांची यादी आहे. यादीत नाव नव्हतं म्हणून माझ्या सख्ख्या दिरांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं. ते चिडले. मी ताईला मनापासून धन्यवाद दिले.

न सुटलेली गोष्ट म्हणजे माणसं टिकत नाहीत. आठ महिन्यांत दोन ताया गेल्या, दोघी जास्त पगारासाठी. जिच्या कडेवर माझी लेक शांत व्हायची ती गेल्यावर पोरगी दोन आठवडे दारातच रडायची. बाळांची भूक, झोप, रडण्याचा सूर ओळखणारं माणूस हीच खरी सुरक्षितता आहे, आणि तिलाच आपण सगळ्यात कमी पैसे देतो. खेळण्यांवर खर्च झाला, रंगीत भिंती झाल्या. पगारवाढ अजून नाही.

पुढच्या महिन्यात लेक मोठ्यांच्या खोलीत जाईल. तिथे एका ताईकडे बारा मुलं आहेत. शनिवारी काकूंना भेटायचं ठरलं आहे.