ई-ग्रामस्वराज: ग्रामपंचायतीचा पैसा कुठे गेला ते स्वतः बघा

पाचपैकी चार स्टार देतेय, आणि एक का कापला ते खाली सांगते. ग्रामपंचायतीला किती पैसे आले, कुठल्या कामाला मंजूर झाले आणि किती खर्च झाले हे घरबसल्या बघायला मला तरी यापेक्षा सोपं काही सापडलं नाही, आणि तरीही गावाकडच्या कित्येकांनी याचं नावसुद्धा ऐकलेलं नसतं, याचं फार वाईट वाटतं. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाचं आहे, २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. वेबसाइट आहे, ॲप पण आहे. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडायचं, बस्स.

बघायला सुरुवात कुठून करायची, तर मंजूर कामांच्या यादीपासून. हा गावाचा विकास आराखडा, म्हणजे ग्रामसभेपुढे ठेवून मंजूर केलेली कामं, त्यात गटार, पेव्हर ब्लॉक, पाण्याची टाकी, शाळेची दुरुस्ती असं सगळं अंदाजे रकमेसकट दिसतं. मग त्याच वर्षाचा जमाखर्च उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा, खरी मजा तिथे आहे. नुसता एकूण खर्चाचा आकडा बघून काहीच कळत नाही हो. आराखड्यात काम आहे पण त्यावर खर्च शून्य, किंवा खर्च झालाय पण जागेवर काम दिसत नाही, असं काही असेल तर ते या दोन याद्या जुळवतानाच लक्षात येतं.

अजून एक बघायचंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांत केंद्राकडून आलेल्या पैशात ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित असायचे. बंधित म्हणजे फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता, अबंधित गावाच्या गरजेप्रमाणे वापरता यायचे पण त्यातून पगार आणि ऑफिसचा खर्च भागवता यायचा नाही. एवढं माहीत असलं की यादी वाचताना आपोआप प्रश्न पडायला लागतात, पाण्याचं काम दरवर्षी मागे का राहतंय वगैरे.

आता तो कापलेला स्टार. कामांची नावं बऱ्याचदा इंग्रजीत आणि एकदम त्रोटक, सिमेंट रस्ता म्हणजे नक्की कुठल्या आळीतला हे त्या ओळीवरून कळायला मार्ग नाही, आणि ज्या आजी-आजोबांना गावातला प्रत्येक रस्ता तोंडपाठ आहे त्यांनाच ही यादी वाचता येत नाही. हे मला अजिबात पटत नाही. गावाचा हिशोब गावाच्या भाषेत हवा, मराठी पूर्ण आणि नीट हवी.

आणि गावातला सगळा सरकारी पैसा इथे दिसेल असं समजू नका. रोजगार हमीची हजेरीपत्रकं आणि मजुरी वेगळ्या साइटवर, खासदार निधीची साइट वेगळी. शिवाय इथे आकडा दिसतो, कामाचा दर्जा नाही दिसत. सिमेंट किती पडलं ते इथून कळणार नाही.

त्यासाठी माहिती अधिकार. कलम ४ प्रमाणे खर्चाची बरीचशी माहिती कोणी न मागता जाहीर करायचीच असते, पण एखाद्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) आणि बिलांच्या प्रती पाहिजे असतील तर सरळ अर्ज टाका. १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तराला ३० दिवसांची मुदत. अर्जात ‘सर्व कामांची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका, पोर्टलवर कामाचं नाव, वर्ष आणि रक्कम जशी दिसते तशीच उतरवून घ्या, म्हणजे कुठलं काम असं विचारून अर्ज परत यायला जागाच राहत नाही. आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट आधीच काढून ठेवा, ग्रामसभेत विषय काढताना हातात काहीतरी हवं.