निळा कोंबडा आणि सोळा काळी पिल्लं

रंगीत कोंबड्यांचा नाद ज्यांना लागलाय किंवा लागू घातलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी एकाच माणसाकडून दोनदा फसले. पहिल्यांदा हौसेपायी आणि दुसऱ्यांदा माझ्या अर्धवट शहाणपणापायी. दुसरं जास्त झोंबलं.

मला लॅव्हेंडर हवे होते. तो फिका, निळसर राखाडी रंग एकदा समोर पाहिला की डोक्यातून जात नाही. मानेपासून शेपटीपर्यंत एकच छटा, कुठे गडद नाही, कुठे उजळ नाही. माझ्याकडे काळ्या कोंबड्या बऱ्याच वर्षांपासून होत्या. कोणाचा कोणाशी जोडा लावला तर काय निघेल, याच्या चौकटी वहीत मांडत बसायची सवयही होती. त्यामुळे मला कोणी फसवेल असं वाटलंच नव्हतं.

निळ्या दिसणाऱ्या कोंबड्यांत दोन वेगळ्याच जाती असतात, जात म्हणजे रंगाची जात. पहिला साधा ‘ब्लू’. त्याचं जनुक अर्धवट प्रभावी असतं. काळ्या पक्ष्यात त्याची एक मात्रा, म्हणजे आईकडून किंवा बापाकडून आलेली एक प्रत, आली तर पक्षी निळा, दोन आल्या तर स्प्लॅश, म्हणजे मळकट पांढऱ्यावर निळ्या-काळ्या शिंतोड्यांचा, आणि एकही नसेल तर सरळ काळा. म्हणून निळा आणि निळी जोडले की चारात सरासरी एक काळं, दोन निळी, एक स्प्लॅश. बेटसन आणि पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँडलूशियन कोंबड्यांवर हेच दाखवलं होतं. ब्लूची सगळीच पिल्लं निळी निघणं हा निव्वळ योगायोग असतो, घराणं कितीही जुनं असो. दुसरा लॅव्हेंडर. हा अप्रभावी, दोन मात्रा असल्याशिवाय दिसतच नाही. पण एकदा दिसला की दोन लॅव्हेंडरची झाडून सगळी पिल्लं लॅव्हेंडर. सगळी किंमत त्या ‘झाडून सगळी’ची असते.

हे मला माहीत होतं. विकणाऱ्याला मी फोनवर हेच बोलून दाखवलं, तिथेच चुकलं. गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय ते त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मग तोही ‘होमोझायगस’, ‘रिसेसिव्ह’ असले शब्द पेरायला लागला. म्हणाला, “ताई, पक्कं लॅव्हेंडर आहे. पिढ्यान् पिढ्या हाच रंग. रक्त एवढं जोरदार, की काळ्या कोंबडीवर सोडलात तरी अर्धी पिल्लं निळी निघतील बघा.” मी खूश होऊन साध्या पक्ष्यांच्या कितीतरी पट पैसे मोजले. एक नर आणि दोन तलंगा. कसला तरी शिक्का मारलेला कागदही सोबत आला. तो अजून आहे, अंड्यांच्या ट्रेखाली घातलाय.

पक्षी आले त्या दिवशी मी काय काय पाहिलं आणि तरी पाहिलं नाही, ते सांगते, कारण तुम्हालाही तेवढंच पाहता येईल. कोंबड्याची मान आणि पाठीवरची लोंबती पिसं अंगापेक्षा बरीच गडद होती. नराची झळाळी असेल, म्हटलं. तलंगांच्या छातीवरच्या प्रत्येक पिसाला गडद कड होती, पेन्सिलीने गिरवल्यासारखी, आणि मला ती फार गोड वाटली. शेपटी भरगच्च, एक पीस विस्कटलेलं नाही. लॅव्हेंडरच्या बऱ्याच घराण्यांत शेपटीची आणि पंखांची पिसं फाटकी, झिजलेली निघतात, तो त्यांचा ओळखीचा दोष. माझ्या पक्ष्यांत तो नाही म्हणून मी मनात मिरवत होते. आणि कोंबड्याच्या खांद्यावर दोन-तीन तांबूस पिसं होती, लोखंडाच्या गंजाच्या रंगाची.

त्या गंजक्या पिसांनी सगळं सांगितलं होतं. लॅव्हेंडरमध्ये रंग तयार होतो, पण रंगाचे कण पिसात नीट पसरत नाहीत, म्हणून काळा फिका पडतो तसा तांबडाही फिका पडून मलईसारखा होतो. ब्लू फक्त काळ्याला हात लावतो, तांबड्याला नाही. अंगभर निळा आणि खांद्यावर ठसठशीत तांबडा असा पक्षी लॅव्हेंडर नसतो. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं आठवायला मात्र आपल्याला पैसे बुडावे लागतात.

तलंगा अंड्यावर आल्यावर एक खुडूक कोंबडी बसवली. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं: पाच निळी, चार काळी, दोन मळकट पांढरी. फोन केला. तो म्हणाला, “आधी आमच्याकडे काळा नर होता, त्याचं बीज राहिलं असेल.” कोंबडी नराचं बीज दोन-तीन आठवडे पोटात सांभाळते, हे खरंच आहे. त्यामुळे मी गप्प बसले. पांढरट पिल्लांबद्दल मात्र त्याचा सूर एकदम खुलला: “ती तर तुमचं नशीब, ताई! दुर्मीळ रंग. ती दोन मला परत देता का?”

मी परत तशीच अंडी बसवली. मधे महिना उलटला होता, आता जुन्या बीजाचा प्रश्नच नव्हता. तेरा पिल्लं. सहा निळी, तीन काळी, चार स्प्लॅश.

त्या रात्री वही उघडली. आधीच्या काळ्या नराची सबब काळ्या पिल्लांपुरती चालली असती. पण स्प्लॅश पिल्लाला ब्लूची एक मात्रा बापाकडून आणि एक आईकडून मिळावीच लागते. बाप कोणीही असो, आईकडे ब्लू असल्याशिवाय ते पिल्लू जन्मालाच येत नाही. आणि आया त्याच्याच दोन ‘पक्क्या लॅव्हेंडर’ तलंगा. ज्यांना तो माझं नशीब म्हणत होता, ती पिल्लंच त्याच्याविरुद्धची साक्ष होती. दोन्ही खेपा मिळून चोवीस पिल्लं: अकरा निळी, सात काळी, सहा स्प्लॅश. पुस्तकात छापावं असं ब्लूचं गणित.

इथे थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता. मी भांडले, तो वरमल्यासारखा झाला. “चूक झाली, कामाच्या पोराने पिंजरे अदलाबदल केले.” निम्मे पैसे आणखी दिले तर स्प्लिटची जोडी देतो म्हणाला. स्प्लिट म्हणजे दिसायला काळा, पण पोटात लॅव्हेंडरची एक मात्रा लपलेली. अशा जोडीच्या चार पिल्लांत सरासरी एक लॅव्हेंडर निघतं. मी हिशेब केला, पटला, पैसे दिले.

स्प्लिट विकण्याइतका निर्धास्त धंदा नाही. काळी कोंबडी आणि स्प्लिट काळी कोंबडी यांच्यात डोळ्यांना दिसेल असा काहीच फरक नसतो. खात्री करायला खरं लॅव्हेंडर पाखरू जवळ लागतं, म्हणजे अर्धी पिल्लं लॅव्हेंडर निघतात का ते बघता येतं. आणि खरं लॅव्हेंडर जवळ असतं तर स्प्लिट कशाला घेतली असती? मी दोघांनाच जोडलं आणि वाट पाहत राहिले. दोन खेपांत सोळा पिल्लं, सोळाच्या सोळा काळी. दोघंही खरोखर स्प्लिट असती तर असं घडण्याची शक्यता शंभरात एक. दोघांपैकी निदान एक साधा काळा होता, माझ्या मते दोघंही. यानंतर त्याने फोन उचलला नाही.

ओळखीतल्या एकाने माझं ऐकून स्वतःचा ठरत आलेला सौदा मोडला. त्या ओळखीच्याला ‘चॉकलेटची’, म्हणजे तपकिरी रंगाची, ‘स्प्लिट कोंबडी’ देऊ केली होती. चॉकलेटचं जनुक अप्रभावी असतं आणि लिंगाच्या झेड गुणसूत्रावर बसलेलं असतं, आणि कोंबडीकडे झेड एकच असतं. तिच्याकडे चॉकलेट असेल तर ते पिसांवर दिसणारच, लपायला जागाच नाही. नर स्प्लिट असू शकतो, मादी नाही. आणि पुष्कळदा चॉकलेट म्हणून डन नावाचा दुसराच रंग गळ्यात मारतात. दिसायला तोही तपकिरी, पण डनच्या जोडीत काळी आणि खाकी पिल्लंही निघतात.

आता मी पक्षी बघायच्या आधी पिल्लं मागते. त्याच जोडीची, एका खेपेची, टोपलीतली सगळी, निवडलेली नकोत. आणि सावलीतला फोटो नको, कोवळ्या उन्हात नराची मान आणि खांदा दाखवा म्हणते. बहुतेक जण इथेच फोन ठेवतात.

तो निळा कोंबडा अजून माझ्याकडेच आहे. स्वभावाने गरीब, त्याचा काय दोष. गेल्या खेपेला त्याला माझ्या जुन्या काळ्या कोंबड्यांवर सोडला. खरा लॅव्हेंडर असता तर एकही निळं पिल्लू निघालं नसतं, सगळी काळी निघाली असती. दहापैकी सहा निळी निघाली. त्या माणसाने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं तसंच, अर्धी निळी. मी ते वाक्य तेव्हा वहीत लिहूनही ठेवलं होतं, खाली दोन रेघा ओढून.