पेट्रोलचा ग्रास कटर २ पावसाळे, बॅटरीचा ५ महिने, आणि गडग्याने खाल्लेली दोरी

चतुर्थीला चार दिवस राहिले होते, म्हणजे २३ ऑगस्ट २०२५. पाखाडीच्या (घराकडे येणाऱ्या दगडी पायवाटेच्या) दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, मुंबईची मंडळी येणार, आणि आमची गवत कापायची पेट्रोलची मशीन काही केल्या चालू होईना. ३५ सीसी, फोर स्ट्रोक, जून २०२४ मध्ये १३ हजारांना घेतलेली. प्लग काढून पुसला, चोक देऊन बघितलं, न देता बघितलं, स्टार्टर ओढून ओढून खांदा भरून आला. शेवटी शेजारचा ग्रास कटरवाला बोलावला, त्याने दिवसाचे १२०० घेतले आणि पेट्रोल आपलं.

तालुक्याला जिथून मशीन घेतली तिथे नेली. म्हणाले कार्बोरेटर गेला, १८५० रुपये. मी म्हटलं वॉरंटी आहे ना दादा, तर म्हणे पेट्रोलमुळे झालेलं वॉरंटीत बसत नाही. मी भांडलो, सरळ सांगतो, अर्धा तास भांडलो. मग त्यांच्याच मेकॅनिकने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून दाखवलं, तळाला वेगळा थर दिसत होता. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि आमच्याकडे जुलै-ऑगस्टात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत एवढी हवा ओली. पाणी जास्त झालं की ते आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, आणि टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर नेमका तळाशीच लोळत असतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये आधी तेच जातं. माझं पेट्रोल दीड महिना टाकीत होतं. हे मशीन विकताना का नाही सांगत? एक वाक्य लागतं, "काम झालं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा". त्या एका वाक्याचे माझे १८५० गेले, याचा राग अजून आहे.

त्याच रागात दुसऱ्या दुकानातून बॅटरीची घेतली. ३६ व्होल्ट, ४ एएच (अँपिअर-अवर), एक बॅटरी आणि चार्जर धरून १७ हजार. (ऑनलाईन दोन-अडीच हजाराला मिळतात त्यांच्या नादाला लागू नका, वर ४८ नाहीतर ८८ लिहिलेलं असतं आणि आत पाचच सेल असतात, पूर्ण चार्ज होऊन २१ व्होल्ट.)

पहिले दोन आठवडे मी इतका खूश होतो की मेव्हण्याला पनवेलला फोन करून घ्यायला लावणार होतो. बटण दाबलं की चालू. पेट्रोलवाली आठ किलोच्या आसपास, ही बॅटरीसकट साडेचार. आईचं वय ६४, तिने स्वतः तुळशीपासून विहिरीपर्यंत साफ केलं, तिला स्टार्टर कधीच ओढवला नसता. आणि आवाज कमी. आमच्याकडे कातळावर फुरसी (विषारी साप) आहेत, फुरसं अंगाला अंग घासून खरखर करतं, ती पेट्रोलच्या मशीनीपुढे कधी ऐकू येणारच नाही. हिच्यावर बोट सोडलं की लगेच शांत, गवतात काय हललं ते कळतं. गमबूट दोन्ही वेळा घालायचेच, पण जीवाला बरं वाटतं.

आता दोरी. नायलॉनची दोरी, मशीनच्या टोकाच्या हेडमधून गरगर फिरून गवत कापते ती. माझ्या मते या बॅटरीच्या मशीनची खरी दुखणी दोरीतच आहेत आणि त्याबद्दल कोणी काही लिहीत नाही. हिला १.६ मिमीची दोरी लागते, पेट्रोलवालीला २.४. आकडे जवळचे वाटतात पण दोरी आडवी कापून क्षेत्रफळाचा हिशोब केला तर पेट्रोलवालीची दोरी सव्वादोन पट भरते. आणि आमच्या वाडीला तिन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. जांभा म्हणजे कानसच. गडग्याच्या कडेने दहा पावलं गेलं की दोरी संपली, परत हेड आपटा, परत दहा पावलं, आणि मधेच ती आत तुटते, मग हेड उघडून टोक शोधत बसा. दोरीऐवजी लोखंडी पातं लावून गडग्याजवळ जायची सोय नाही, दगडाला लागलं की मशीन उलट अंगावर येते. कंपनीचं रिळ ३५० रुपये, त्यात आठ मीटर. २.४ ची दोरी मी किलोवर आणतो, मीटरला तीन रुपये पडते. इथे ४४ रुपये मीटर! सप्टेंबरात तीन रिळं गेली, हजार रुपये नुसती दोरी.

इथपर्यंतचं ऑक्टोबरात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "पैसे वाया" असं लिहिणार होतो. आता जानेवारी आहे, मत बदललंय.

एक म्हणजे दोरी. कोणीतरी सांगितलं की दोरी एक दिवस पाण्यात भिजवून ठेवा. विश्वास नव्हता. पण नायलॉन पाणी धरतं, नरम राहतं, कडकडीत वाळलेलीच पटकन तुटते. माझी रिळं चुलीच्या वरच्या फळीवर होती! आता बादलीत असतात. सुटी १.६ ची दोरीही मिळाली, स्वतः गुंडाळतो. गडग्यापासून वीतभर सोडून मशीन चालवतो आणि उरलेलं कोयतीने. नोव्हेंबरपासून एक रिळ झालंय.

दुसरं म्हणजे रानमोडी. आंब्याच्या कलमांत रानमोडी आणि टाकळा, ही जाड देठांची तणं माजली होती, तिथे पातं लावून बॅटरीवाली नेली तर वीस मिनिटांत बॅटरी खलास. कोवळ्या गवतात पस्तीस-चाळीस मिनिटं जाते. मग कागदावर मांडलं, ३६ गुणिले ४ म्हणजे १४४ वॅट-अवर, आणि ३५ सीसीचं इंजिन साधारण एक किलोवॅट देतं, म्हणजे तेवढ्या ताकदीने चालवली तर ही बॅटरी नऊ मिनिटंसुद्धा टिकणार नाही. मग चार्जिंगला दोन तास, आणि पावसात लाईट गेली की दोन-दोन दिवस नाही. चाळीस गुंठ्यांची बेणणी (तण साफ करणं) हिच्यावर होणार नाही, तिथे पेट्रोलच. कार्बोरेटर बदलून तीच मशीन नेली, दीड दिवसात काम झालं, सात लिटर पेट्रोल गेलं म्हणजे सव्वासातशेच्या वर. बॅटरी एकदा चार्ज करायला दोन रुपयेही लागत नाहीत, पण दुसरी बॅटरी साडेसहा हजारांची आहे, ते धरलं तर सध्या तरी स्वस्त म्हणवत नाही.

दोन्हीला लागू असलेलं एक, कलमाच्या बुंध्याला दोरी लावू नका. गेल्या वर्षी दोन कोवळ्या हापूसची साल गोल सोलली गेली, दोन्ही वाळली. आता बुंध्याभोवती हातभर गवत हाताने काढतो.

घराभोवती पाच-दहा गुंठे असतील आणि दर आठवड्याला थोडं थोडं करत असाल तर बॅटरी घ्या, पण १.६ ची सुटी दोरी गावात मिळते का ते आधी बघा. कलमं असतील तर पेट्रोल. मी दोन्ही ठेवलीत. पेट्रोलवालीची टाकी रिकामी करून पडवीत टांगलीय, आणि गडग्याचा वरचा थर ढासळलाय तिथे मे महिन्यात सिमेंट गुळगुळीत लिंपून घेणार आहे, निदान तेवढ्या भागात दोरी वाचेल.