'साफ करून, तपासून' विकलेला जुना टर्बो : उघडल्यावर आत काय निघालं

आधी रेटिंग सांगतो, टर्बोला पाचपैकी अडीच आणि सोबत मागवलेल्या रिपेअर किटला चार. आता का ते सांगतो, थोडं लांबेल, पण जुना टर्बो ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर पूर्ण वाचा, कारण यातली एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

गाडी डिझेल आहे. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, आणि माझा व्हीजीटी म्हणजे आत हलणाऱ्या पाकळ्यांचा. गाडीतल्या आधीच्या टर्बोचा शाफ्ट गेला होता म्हणून वापरलेला मागवला, विक्रेत्याने लिहिलं होतं की साफ केलाय, चेक केलाय, थेट बसवा. पार्सल उघडलं तर डोळे दिपले, सगळं चांदीसारखं चकाचक. ॲल्युमिनियमची थंड बाजू, म्हणजे हवा दाबणारी, चमकतेय आणि बिडाची गरम बाजू, म्हणजे धूर येतो ती, तीसुद्धा तशीच, आणि तिथेच मला खटकलं, कारण वापरलेल्या टर्बोचं बीड कधी चांदीसारखं नसतं, ते तपकिरी-राखाडीच असतं. नखाने खरवडलं तर स्प्रे निघाला. स्प्रे मारला म्हणून काही बिघडत नाही, पहिल्याच तापात जळून जाईल, पण ऑइल इनलेट आणि ड्रेनच्या भोकांवर बूच नव्हतं आणि ते मात्र मला अजिबात आवडलं नाही.

मग प्ले, म्हणजे शाफ्टचा ढिलेपणा, बघितला. आडवा, म्हणजे शाफ्ट वर-खाली हलवून जो लागतो तो थोडा असतोच, बेअरिंग तेलावर तरंगणारी असतात आणि कोरड्यात ती हलणारच, फक्त पंखा हाऊसिंगला घासायला नको. पुढे-मागे ओढून जो प्ले लागतो तो मात्र हाताला जाणवलाच नाही पाहिजे, तो जाणवला तर थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं बेअरिंग, गेलं समजा. माझ्यात दोन्ही ठीक होते. पंख्याची पाती कुठे तुटलेली, वाकलेली नाहीत. पंख्याच्या नाकावर छोटे कट दिसले तर घाबरू नका, ते बॅलन्सिंगसाठी कारखान्यातच काढलेले असतात. इथवर मी खूश होतो आणि बसवणारच होतो. पण टर्बो कानाजवळ धरून बोटाने हळूच फिरवला तर बारीक करकर ऐकू आली, वाळूवर चप्पल घासल्यासारखी. त्या आवाजामुळे मी तो उघडला.

उघडताना पहिलं काम पान्याचं नाही, खुणांचं आहे. थंड बाजू, मधली बॉडी (शाफ्ट आणि बेअरिंग असतात ती) आणि गरम बाजू यांच्या सांध्यांवर टोकदार सळीने सांधा ओलांडून जाणारी रेघ ओढा, कारण हे तिन्ही भाग एकमेकांवर कुठल्याही कोनात बसतात आणि खूण नसेल तर परत बसवताना ऑइल ड्रेन वाकडा येतो, तो जवळजवळ सरळ खालीच तोंड करून हवा, तेल तिथून नुसतं आपल्या वजनाने उतरतं. ॲक्च्युएटरच्या (पाकळ्या हलवणाऱ्या यंत्राच्या) सळीचं नट आणि पाकळ्यांचा स्टॉप स्क्रू या दोन गोष्टींना हात लावू नका, ते सेटिंग फ्लो बेंचवर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मशिनवर, केलेलं असतं, घरी परत जमत नाही. आणि प्रत्येक पायरीला फोटो.

थंड बाजूची स्नॅप रिंग काढली की प्लास्टिकच्या हातोडीने गोल फिरत हलके टोले द्यायचे, हाऊसिंग सरळ वर येतं. गरम बाजूचे बोल्ट मात्र मरणाचे गंजलेले, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवले, सकाळी गरम केले, तेव्हा एकेक हलला, घाई केली असती तर बोल्टची मान नक्की तुटली असती.

पंख्याचा नट हा सगळ्यात नाजूक टप्पा. माझ्यात उलटे आटे होते. बऱ्याच टर्बोत असतात, पण सगळ्यांत नाही, म्हणून जोर लावायच्या आधी नटाच्या वर डोकावणारे शाफ्टचे आटे कुठे झुकलेत ते उजेडात बघा. शाफ्ट धरायचा तो गरम बाजूच्या पंख्याच्या टोकाला जो षटकोनी भाग असतो त्यालाच सॉकेट लावून, पात्यांना पकड लावून कधीच नाही. आणि नट टी हँडलनेच सोडवा, लांब पान्याने एका बाजूला जोर पडला तर शाफ्टचं बारीक टोक वाकतं, डोळ्याला दिसतही नाही, पण ही वस्तू मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. नट, पंखा आणि शाफ्टवर मार्करने एका रेषेत खूण केली होती, ती बॅलन्ससाठी.

शाफ्ट बाहेर आला आणि करकरीचं उत्तर मिळालं. मधल्या बॉडीच्या ऑइलच्या भोकात पांढऱ्या फडक्याची वात घातली, फिरवली, बाहेर काढली तर राखाडी चिखल, आणि बोटांच्या चिमटीत चोळला तर त्यात कण. ब्लास्टिंगची, म्हणजे सफाईसाठी हवेच्या दाबाने मारतात ती वाळू. म्हणजे विक्रेत्याने टर्बो न उघडता, भोकं बंद न करता तसाच ब्लास्टिंगमध्ये घातला, वरून स्प्रे मारला आणि पाठवला. बेअरिंग आणि शाफ्टमध्ये जागा किती, तर मिलिमीटरचे काही शतांश भाग, आणि त्या जागेत तेलासोबत हे कण जाणार होते. थ्रस्ट बेअरिंगच्या एका बारीक ऑइल होलमध्ये एक दाणा अक्षरशः अडकून बसला होता, सुईने काढावा लागला. मळका, काजळीने भरलेला टर्बो पाठवला असता तर मी एक अक्षर बोललो नसतो, काजळी दिसते म्हणून आपण ती काढतो तरी, पण ही सफाईच टर्बोचा जीव घेणार होती.

त्याच्या खाली जुनं करपलेलं तेलही होतंच, काळा चिवट थर, कोळशासारखा. गाडी दामटून आल्या आल्या इंजिन बंद केलं की असं होतं, तेलाचा फिरता पुरवठा थांबतो आणि गरम बाजूची धग मधल्या बॉडीत चढते, आतलं तेल तिथेच भाजून निघतं. हा थर तोंडाशी दिसतो त्याच्या कितीतरी आत गेलेला असतो.

सफाईला दोन दिवस गेले. बिडाचे भाग आणि पाकळ्यांची रिंग कार्बन क्लीनरमध्ये भिजत ठेवली, मग पितळी ब्रश. पाकळ्या एकेक करून बोटाने हलवायच्या, सगळ्या सारख्याच सहज हलल्या पाहिजेत, माझ्या दोन अडकत होत्या, दुसऱ्यांदा भिजवल्यावर सुटल्या. ॲल्युमिनियमचा पंखा आणि हाऊसिंग रॉकेल आणि मऊ नायलॉन ब्रशने. कॉस्टिक सोडा किंवा तो असलेला ओव्हन क्लीनर ॲल्युमिनियमला लावू नका, काजळी निघते तसं धातूही खातो, पंखा काळा पडतो आणि बॅलन्सची वाट लागते. तारेचा ब्रशही पंख्याला नको. मधल्या बॉडीला सगळ्यात जास्त वेळ दिला, प्रत्येक भोकातून इंजेक्शनच्या सिरिंजने रॉकेल, मग बारीक ब्रश, मग हवा, परत रॉकेल, असं फडकं पांढरंच्या पांढरं बाहेर येईपर्यंत, नवव्या की दहाव्या फेरीला आलं. हातमोजे, मास्क आणि उघडी जागा हवीच, क्लीनरची वाफ डोक्यात जाते. आणि हवेचा पाइप पंख्यावर मारून तो गरगर फिरवायचा मोह टाळा, बेअरिंगला तेल नसताना ते फिरणं त्याला महागात पडतं.

आता चांगली बाजू, कारण ती पण खरी आहे. साफ झाल्यावर शाफ्टवर मायक्रोमीटर लावला, झीज नगण्य, निळा पडलेला नाही, चरे नाहीत. गरम हाऊसिंगला आत तडे नाहीत, जुन्या टर्बोत बारीक तडे निघणं अगदी कॉमन आहे. म्हणजे माल मुळात चांगला होता, कोणाच्या तरी नीट चालवलेल्या गाडीचा, आणि म्हणूनच त्या ब्लास्टिंगचा जास्त राग येतो.

किटबद्दल. दोन फ्लोटिंग बेअरिंग, थ्रस्ट बेअरिंग, कॉलर, पिस्टन रिंग, ओरिंग, गॅस्केट, सगळं वेगवेगळ्या पुडीत, मापं बरोबर. बेअरिंग शाफ्टवर सरकवलं की तेलाच्या थेंबावर अलगद फिरतं, हाताला जे समाधान मिळतं ते मिळालं. एक मार्क कापला तो दोन गोष्टींसाठी, थ्रस्ट बेअरिंगच्या भोकाला बारीक बर (धातूची उरलेली धारदार कड) होती जी काढावी लागली, आणि पिस्टन रिंग जादा दिलेली नाही. ती रिंग इतकी ठिसूळ असते की थोडी जास्त फाकवली की तुटते, माझी एक तुटली आणि त्या एवढ्याशा रिंगसाठी काम चार दिवस अडलं. किट बनवणाऱ्यांनी एक जादा टाकली तर लोक दुवा देतील.

जोडताना सगळ्याला स्वच्छ इंजिन ऑइल, खुणा जुळवून, आणि मधला कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट आणि पंख्यांसकट मधली बॉडी, मशिनवर बॅलन्स करून घेतला. हे घरी होत नाही, टर्बोचं काम करणाऱ्यांकडे मशीन असतं, खुणा जुळल्या तरी करून घ्याच. बसवताना ऑइलचा इनलेट पाइप नवीन टाकला, गॅस्केटला सीलंट लावलं नाही कारण त्याचा तुकडा सुटून भोक बंद करतो, टर्बोत हाताने तेल भरलं आणि इंजिन पेटू न देता आधी नुसतं क्रँक केलं. इंजिन ऑइल आणि फिल्टर अर्थातच नवे.

पाच महिने झाले. धूर नाही, शिट्टी नाही, इंटरकूलरचा (दाबलेली हवा गार करतो त्याचा) पाइप काढून बघितला तर आत नेहमीची हलकी ओल, तेलाचं थारोळं नाही.

विक्रेत्याला वाळूचे फोटो पाठवले, त्याने अर्धे पैसे परत केले आणि 'आम्ही सगळेच असे ब्लास्ट करतो' असं लिहिलं. त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, टर्बो मळका पाठवा, पण ऑइलची भोकं बंद केल्याशिवाय त्याला वाळू दाखवू नका. याने पुढच्या वेळी बूच लावून पाठवला तर हे अडीच मी स्वतः येऊन चार करीन.