पोलीस दारात: ‘या, बसा’ की जाळीतूनच बोलणं?

मी दोन्ही करून पाहिलंय.

चाळीत होतो तेव्हा भाडेकरूंची चौकशी म्हणून दोघं आले. गॅलरीतल्या माना वळायच्या आत मी ‘या साहेब’ म्हणून मोकळा झालो. वर्दीसमोर म्हटलेलं ते ‘या’ कितपत मनापासूनचं, ते सोडा. चहाला उकळी फुटेपर्यंत एक जण आतल्या खोलीत कपाटाशी. “हे उघडा जरा.” उघडलं. साड्यांच्या घड्याखाली हात घालून पाहिलं, मिळालं काहीच नाही.

कपाटाचं एक वेळ चालेल. मी झडतीचा कागद मागितला, तर म्हणाले, “कसली झडती? तुम्हीच तर या म्हणालात.” ‘या’ बाहेरच्या खोलीपुरतं होतं, हे कुणाला सांगणार? मजल्यावर आठवडाभर एकच प्रश्न, ‘काय सापडलं?’ दाखवायला पंचनामा नाही.

रीतसर झडतीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे दोन पंच लागतात, घरातल्या माणसाला हजर राहू द्यावं लागतं. १०५ प्रमाणे चित्रीकरण. तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम १८५ खाली कारणं लिहायची आणि नोंदीची प्रत ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. ‘कोर्टात बघू’ म्हणाल, तर झडती बेकायदा होती एवढ्यानेच पुरावा बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात सांगून ठेवलंय.

आता इमारतीत जाळीचा दरवाजा आहे. मागे एकदा रात्री बेल वाजली. कडी न काढताच म्हणालो, “साहेब, ओळखपत्र दाखवता का? बोला ना, इथेच बोलू.” हवालदारांना ते आवडलं नाही. मलाही ओशाळल्यासारखं झालं, म्हणून पाणी आणलं. पण जाळीतून ग्लास कुठला जायला! शेवटी दार वीतभर उघडून मीच उंबऱ्यात उभा राहिलो. खाली ठोकलेल्या गाडीबद्दल पाच मिनिटं विचारून ते गेले.

अर्थात हातात वॉरंट असेल, किंवा ज्याला अटक करायची तो तुमच्याच घरात आहे असं म्हणत असतील, तर जाळी अडवून धरू नका. कलम ४४ खाली वेळ पडल्यास दार तोडून आत येता येतं. घरी म्हातारी माणसं एकटीच असतील, तर ‘या, बसा’ सोपं पडेल, नाही म्हणत नाही. मी मात्र हल्ली पाण्याचा ग्लास दाराजवळच्या स्टुलावर भरून ठेवतो.