एअर इंडियाचं जम्बो: खिडकीची महिरप आणि इंधनाचं बिल

१९७१ साली एअर इंडियाचं पहिलं जम्बो, म्हणजे बोइंग ७४७ जातीचं 'एम्परर अशोक' मुंबईत उतरलं, तेव्हा बाहेरून प्रत्येक खिडकीभोवती लाल महिरप रंगवलेली होती. आकाशातला राजवाडा म्हणून केलेली ती जाहिरात सजावटीपुरती तरी खोटी नव्हती. वरच्या मजल्यावर लाउंज, तिथे गोल जिन्याने चढायचं.

प्रवासी म्हणून गुण द्यायचे तर नाकातली, म्हणजे अगदी पुढच्या टोकाची जागा सर्वोत्तम. कॉकपिट वरच्या मजल्यावर असल्याने ही आसनं वैमानिकाच्याही पुढे येतात, आणि इंजिनं बरीच मागे राहिल्याने आवाज कमी. इकॉनॉमीत ३-४-३ मांडणी. मधल्या चारांत अडकलात तर रात्रभर शेजाऱ्याचे गुडघे ओलांडा. अगदी शेपटीकडे विमान निमुळतं होतं, कडेला तीनऐवजी दोनच आसनं उरतात. जोडप्यांसाठी तीच हेरायची, मात्र हेलकावे तिथेच जास्त.

मूळ २०० मालिकेत कॉकपिटमध्ये तिघे लागत, तिसरा फ्लाइट इंजिनिअर, म्हणजे इंजिनं आणि यंत्रणांवर नजर ठेवणारा. १९९३ पासून आलेल्या ४०० मालिकेत दोघांत भागलं. तरीही चार इंजिनं तासाला साधारण १० टन इंधन पितात. विमान भरलं नाही की गणित कोसळतं, आणि देखभालही चार इंजिनांची. २००७ मध्ये दोन इंजिनांचं बोइंग ७७७ मुंबई-न्यूयॉर्क न थांबता जाऊ लागलं. जम्बोला वाटेत लंडनसारखा थांबा लागे. सोय हवी तर ७७७, यात वादच नाही. पण जिना कुठाय त्यात?