दिनविशेषासाठी विकिपीडियाची तारखांची पानं: निवडायला उत्तम, उतरवून घेताना जपून

रोज दिनविशेष लिहिणाऱ्यांसाठी फुकट साधनांमध्ये इंग्रजी विकिपीडियाची तारखांची पानं सर्वांत उपयोगी आहेत. २९ फेब्रुवारी धरून ३६६ पानं, प्रत्येकावर घटना, जन्म, मृत्यू आणि सणवार. १२ फेब्रुवारी उघडलं की डार्विन आणि लिंकन, दोघेही १८०९ चे, एकाच यादीत मिळतात. १९०१ नंतरच्या जन्मांत खेळाडू आणि नटनट्यांची फार गर्दी आहे; तिथे निवड आपणच करायची. नोंदीला थेट संदर्भ हवा असा नियम आहे, तरी जुन्या बऱ्याच नोंदी संदर्भाविना आहेत. त्या मूळ चरित्रलेखाशी ताडून पाहाव्यात.

खरी गडबड होते ती कॅलेंडरमुळे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत आणि रशियात १९१८ पर्यंत ज्युलियन कॅलेंडर होतं. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन त्याच्या पुढे: सतराव्या शतकात १० दिवस, अठराव्यात ११, एकोणिसाव्यात १२, विसाव्यात १३. न्यूटनच्या जन्माच्या २५ डिसेंबर १६४२ आणि ४ जानेवारी १६४३ या दोन्ही तारखा बरोबर आहेत, पण दिनविशेषात तो दोनदा आला तर वाचक गोंधळणारच. रशियातली ऑक्टोबर क्रांती नव्या, म्हणजे ग्रेगोरियन गणनेत ७ नोव्हेंबर १९१७ ची. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी गेले, हे वाक्य तर काढूनच टाकावं. शेक्सपिअरचा २३ एप्रिल १६१६ ज्युलियन आहे, म्हणजे ग्रेगोरियन ३ मे. सर्व्हांतेस बहुधा ग्रेगोरियन २२ एप्रिलला वारला आणि २३ ला त्याचं दफन झालं.

मोठी यादी गाळून हवी असेल तर विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसाठा. जन्मतारखेचा गुणधर्म पी५६९, मृत्यूचा पी५७०. तारखेबरोबर अचूकतेचा आकडाही मागवाच: दिवस माहीत असेल तर ११, महिन्यापर्यंत १०, नुसतं वर्ष असेल तर ९. तो न तपासता क्वेरी (माहितीसाठ्याला विचारलेला प्रश्न) चालवली की ज्यांचं फक्त जन्मवर्ष ठाऊक आहे ते सगळे १ जानेवारीला जन्मलेले दिसतात. त्या दिवशीची यादी भलतीच फुगते ती यामुळेच. शिवाय क्वेरीच्या उत्तरात ज्युलियन तारखा ग्रेगोरियनमध्ये बदलून येतात. मूळ कॅलेंडर कोणतं, हे वेगळं विचारावं लागतं.

ॲप बनवणाऱ्यांसाठी विकिमीडियाची (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेची) तयार फीड, म्हणजे ॲपला थेट माहिती पुरवणारी सेवा आहे. महिना आणि तारीख दिली की वर्ष, मजकूर आणि संबंधित लेख हाती येतात. ती मोजक्या भाषांत चालते, मराठी त्यात नाही. तेव्हा भाषांतराचं काम धरूनच चाला.

वेळेच्या फरकाकडे मात्र यांतलं कोणतंच साधन पुरेसं लक्ष वेधत नाही. अपोलो ११ चंद्रावर उतरलं २० जुलै १९६९ ला. आर्मस्ट्राँगनं पाऊल ठेवलं तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार २१ जुलैचे पहाटेचे २:५६ झाले होते, अमेरिकेत २० जुलैची रात्रच होती. अशा नोंदीत कोणती वेळ धरली आहे, ते तारखेपुढे लिहावं.